लावणीचे श्रेय आणि लावणीचा कलंक : मराठी लोकप्रिय संगीतातील जात, लिंगभाव व सांस्कृतिक अपहार

प्रस्तावना :

लोकप्रिय संगीतातील वंश, लिंगभाव आणि सांस्कृतिक अपहार यांची चर्चा पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेली काही दशके सातत्याने होत आहे. एका समाजगटाने श्रमाने आणि सोसण्यातून घडविलेला कलाप्रकार दुसऱ्या, अधिक सत्तावान गटाने उचलावा, त्यातून पैसा व प्रतिष्ठा मिळवावी आणि मूळ निर्मात्यांच्या वाट्याला मात्र पूर्वीचीच अवहेलना राहावी, या प्रक्रियेला स्थूलमानाने सांस्कृतिक अपहार असे म्हटले जाते. अमेरिकेत या चर्चेचा पाया वंश हा आहे. महाराष्ट्रात तो शोधावयाचा झाल्यास जातीकडे वळावे लागते. आणि जात व स्त्रीदेह यांचा संबंध ज्या कलाप्रकारात सर्वांत उघडपणे दिसतो तो म्हणजे लावणी.

सातारा-सांगली परिसरातील अभ्यासकाला हा विषय दूरचा नाही. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष, अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव, काळू-बाळू या जोडीचे कवलापूर आणि यमुनाबाईंचे वाई ही सर्व गावे याच परिसरातील होत. या भागात गावोगावच्या यात्रांना तमाशा लागतो आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत लावणीला हमखास टाळी मिळते. मात्र यात्रेतल्या लावणीकडे आणि स्नेहसंमेलनातल्या लावणीकडे पाहण्याची आपली दृष्टी एक नसते. ही दृष्टी दुभंगली कशी, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : लावणी इतर जातींतील स्त्री-पुरुषांनी गायिली वा नाचली, एवढ्याने अपहार सिद्ध होत नाही. लावणीचा शब्द, आवाज आणि देह यांची टप्प्याटप्प्याने फारकत झाली. शब्दाला व आवाजाला श्रेय मिळाले, कलंक मात्र देहाकडे ठेवण्यात आला. अपहार या वाटणीत आहे.

१. उसनवारी आणि अपहार :

प्रथम एका परदेशी उदाहरणाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. 'हाउंड डॉग' हे गीत विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि १९५३ मध्ये ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारपेठेत गाजले. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या गौरवर्णीय गायकाने तेच गीत बदललेल्या शब्दांसह गायिले आणि त्याच्या लक्षावधी ध्वनिमुद्रिका खपल्या. या गीतापोटी आपल्याला केवळ पाचशे डॉलर मिळाले, असे थॉर्नटन सांगत असे. अपहाराचे हे ठळक उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते.

परंतु या उदाहरणातील एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. गीताचे कर्ते लायबर आणि स्टोलर हे दोन तरुण गौरवर्णीय ज्यू होते. म्हणजे 'गीत कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर कर्त्याच्या नावापाशी संपत नाही. थॉर्नटनच्या गळ्यात ते गीत एका ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढणाऱ्या स्त्रीचे झाले होते. तिचा गुरगुरणारा स्वर, तिची ठासून बोलण्याची तऱ्हा यांतून तो अर्थ उभा राहिला होता. प्रेस्लीच्या रूपात शब्द बदलले, गाणारा पुरुष झाला, आणि स्त्रीच्या सुनावण्याचा तो अर्थच नाहीसा झाला. अपहारात पैसा जातो, त्याचबरोबर असा अर्थही जातो.

उसनवारी आणि अपहार यांत फरक करण्यासाठी येथे तीन कसोट्या हाती लागतात : श्रेय कोणाला मिळाले, मोबदला कोणाला मिळाला, आणि मूळ कलावंताला ती कला करण्याचे वा सोडण्याचे स्वातंत्र्य होते काय. याच कसोट्या लावणीला लावून पाहता येतील.

२. शब्द : शाहिराचे नाव आणि नाचणारीचे मौन :

लावणी ही कोणत्याही एका जातीची निर्मिती नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. उत्तर पेशवाईतील शाहिरांत राम जोशी व अनंत फंदी हे ब्राह्मण, होनाजी हा गवळी, सगनभाऊ हा मुसलमान. लावणीचा पिंडच संमिश्र आहे. तथापि या सर्व नावांत एक साम्य आहे : ती पुरुषांची आहेत. लावणी बहुधा स्त्रीच्या तोंडी असते. तिची तक्रार, तिचा रुसवा, तिची वासना प्रथमपुरुषी एकवचनात मांडली जाते. पण तो 'मी' पुरुषाने रचलेला असतो. वाङ्मयेतिहासाने रचणाऱ्याची नोंद ठेवली. दरबारात वा बैठकीत तो 'मी' प्रत्यक्ष उभा करणाऱ्या स्त्रियांची नावे क्वचितच उरली.

त्या स्त्रिया कोण होत्या, याकडे शर्मिला रेगे यांनी १९९५ व २००२ मधील आपल्या लेखनातून लक्ष वेधले आहे. पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री होत असे. कनिष्ठ जातींतील स्त्रियांचे श्रम आणि त्यांची लैंगिकता ही वरिष्ठ जातींच्या उपभोगासाठी उपलब्ध असणे हे त्या समाजव्यवस्थेचे अंग होते. लावणीतील सदैव आसुसलेली स्त्री ही प्रतिमा या व्यवस्थेला सोयीची होती, कारण सक्तीने मिळणारी गोष्ट ती स्त्रीच्या इच्छेच्या रूपात दाखवीत होती. रेगे यांच्या विवेचनाचे महत्त्व असे की, लावणीला त्यांनी केवळ शृंगारकाव्य न मानता जातिबद्ध श्रमाच्या संदर्भात वाचले.

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या कथेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण कुलकर्णी. घरदार व वतन यांच्याकडे पाठ फिरवून ते तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळा ही संगमनेर तालुक्यातील हिवरगावची, महार समाजातील कलावती. नाच्या पोराच्या जागी तमाशाच्या बोर्डावर प्रत्यक्ष उभी राहिलेली पहिली स्त्री असा तिचा उल्लेख केला जातो. बापूरावांनी जात गमावली, बहिष्कार सोसला. त्यांचा त्याग खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यागालाही जातीचे मोल असते. ब्राह्मणाने तमाशात उतरणे ही कथा ठरली, आणि ती पुन्हा पुन्हा सांगितली गेली. महार स्त्रीने तमाशात उतरणे हे तिच्या जातीचे 'काम' समजले गेले, म्हणून त्यात कोणाला त्याग दिसला नाही. बापूरावांच्या रचना त्यांच्या नावाने छापल्या गेल्या. ज्या आवाजाने आणि अदेने त्या गर्दी खेचीत होत्या, ती पवळा बहुधा त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून उरली.

येथे 'अदा' या संकल्पनेचा विचार आवश्यक आहे. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी चेहऱ्यावरील भाव, बोटांची हालचाल, नजर यांनी तिचा अर्थ पालटते. जी ओळ कागदावर विनवणी वाटते ती अदेत उपहास होऊ शकते. पुरुषाने लिहिलेल्या 'मी'वर स्त्रीने केलेले हे भाष्यच होय. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या कोल्हाटी समाजातील कलावतीचे मोठेपण या भाष्यात होते. त्यांना १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर, पद्मश्री मिळाली. म्हणजे अदेलाही कर्तृत्व असते हे मान्य व्हावयास फार काळ जावा लागला, आणि तेही एखाद्याच कलावतीच्या बाबतीत घडले.

३. आवाज : पार्श्वगायनाची सोय :

बारीवर एकच स्त्री गाते, नाचते व अदा करते. चित्रपटाने हे एकत्व मोडले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे याचे महत्त्वाचे उदाहरण होय. अनंत माने दिग्दर्शित हा चित्रपट पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यातील गाजलेल्या लावणीचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचे, आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा आणि नृत्य जयश्री गडकर यांचे. या चौघांच्याही गुणवत्तेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या विभागणीचा सामाजिक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. गाणारीला नाचावे लागत नव्हते, त्यामुळे आवाज निष्कलंक राहिला. नाचणारी 'नटी' होती, तमासगीर नव्हती. ज्या घरात तमाशाचे नाव काढणे अशिष्ट होते त्या घरात ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने लावणी सुखाने शिरली. श्रोत्याला बारीवरची स्त्री नको होती, तिचे गाणे हवे होते. पार्श्वगायनाने ती सोय करून दिली.

सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ठसकेबाज लावणी गाताना त्या पदर सावरून एका जागी उभ्या राहात. त्यांच्या गायकीतील शब्दफेक व ठसका अस्सल होता आणि आचार्य अत्रे यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले ते योग्यच होते. पण गायिकेचा पदर हा त्यांच्या कौतुकाचा अविभाज्य भाग व्हावा, यातून श्रोत्यांची भीती व्यक्त होते. आवाज लावणीचा असला तरी बाई लावणीची नाही, ही खात्री त्यांना हवी होती. हा दोष गायिकेचा नव्हे. सभ्यतेचा हा कर तिलाही भरावा लागला, एवढेच यातून दिसते.

४. देह : उरलेला कलंक :

शब्द शाहिराकडे व आवाज पार्श्वगायिकेकडे गेल्यानंतर तमाशातील स्त्रीकडे देह उरला. तिच्या देहाकडे चित्रपटाने कसे पाहिले हे 'पिंजरा' (१९७२) वरून कळते. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कथेवर आधारलेला आहे. मूळ कथेतील शिक्षक एका गायिकेपायी उद्ध्वस्त होतो. मराठी रूपात गायिकेच्या जागी तमाशातील चंद्रकला येते, आणि कथेची रचना तशीच राहूनही तिचा अर्थ बदलतो. कारण येथे मास्तर व नर्तकी यांच्यामधील अंतर केवळ नीतीचे नसून जातीचेही आहे. चित्रपट त्या जातीविषयी बोलत नाही. शोकांतिका मास्तरांची होते, प्रेक्षकाची करुणा त्यांच्याकडे वळते, आणि तमाशा म्हणजे अधःपतन हे समीकरण दृढ होते. विशेष म्हणजे, त्याच चित्रपटाची लोकप्रियता त्यातील लावण्यांवर उभी आहे. ज्या कलेला कथा पिंजरा म्हणते तिच्यावरच चित्रपटाचा गल्ला भरतो.

'नटरंग' (२०१०) हा चित्रपट याहून संवेदनशील आहे. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील या कृतीत 'नाच्या' होणाऱ्या पुरुषाची विटंबना केंद्रस्थानी आहे. पुरुषत्वाची गावरान कल्पना कलावंताला कशी चिरडते हे तिने प्रभावीपणे दाखविले. तरीही गुणा या पुरुषाला अंतर्मन लाभते, तर फडातील स्त्रिया मुख्यतः गाण्यांपुरत्या उरतात. या चित्रपटातील अजय-अतुल यांच्या लावण्या पुढे प्रत्येक महाविद्यालयाच्या रंगमंचावर नाचल्या गेल्या. त्या नाचताना कादंबरीतील वेदना मात्र कोणाच्या ध्यानी राहिली नाही.

'बाजीराव मस्तानी' (२०१५) मधील 'पिंगा' या गीतावरून झालेला वाद येथे उल्लेखनीय आहे. काशीबाई व मस्तानी यांना लावणीच्या अंगाने नाचताना दाखविल्यावर आक्षेप घेतला गेला तो असा की, पेशव्यांच्या घरातील स्त्री अशी नाचणार नाही. आक्षेप ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर असेलही. परंतु त्यामागील गृहीतक पाहावे : हे नृत्य कुलीन स्त्रीला कमीपणा आणते. मग ते कोणाला शोभते, हा प्रश्न त्या वादात विचारला गेला नाही. उत्तर सर्वांना ठाऊक होते म्हणूनच बहुधा विचारला गेला नसावा.

ते उत्तर प्रत्यक्ष जगण्यात काय असते हे किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनातून समजते. नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नाही, 'चिरा' उतरविण्याच्या नावाखाली तिचा सौदा होतो, तिच्या कमाईवर घर चालते आणि तिच्या मुलाला बापाचे नाव मिळत नाही, हे वास्तव त्यांनी मांडले. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभले, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार त्यांच्या निधनानंतर, २००६ पासून सुरू झाला. श्रेय, मोबदला व निवड या तीनही कसोट्यांवर बारीवरची स्त्री कोठे उभी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून झालेल्या वादातही 'ही लावणी की अश्लीलता' हाच प्रश्न गाजला. शैलजा पाईक यांनी २०२२ मधील 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे 'अश्लील' हा शब्द कलेचे वर्णन करण्यापेक्षा माणसांची प्रतवारी करण्यासाठी अधिक वापरला गेला आहे. द्व्यर्थी ओळ लिहिणारा, तिला चाल देणारा, तिच्यावर शिट्टी वाजविणारा आणि कार्यक्रमाची सुपारी देणारा यांपैकी कोणालाही तो शब्द सहसा चिकटत नाही. तो चिकटतो तो नाचणारीला.

५. काही प्रतिवाद :

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या समाजांची ही कला आहे त्यांनाच ती नको असेल तर अपहार कशाचा? महाडच्या चळवळीच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली मदत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, अशी हकिकत सांगितली जाते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना नको होता. पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण नाचणारी स्त्री वगळली. हा नकार आदरणीय आहे, कारण तो देहाची मुक्तता मागतो. मात्र या नकाराचा आधार घेऊन इतरांनी कलेवर हक्क सांगणे वेगळे. घर सोडणाऱ्याने घर विकलेले नसते.

दुसरा आक्षेप असा की, लावणीने कायमच हात बदलले. अण्णा भाऊ साठे यांनीही तमाशाचे लोकनाट्य केले. हे खरे आहे. पण त्यांचा बदल आतून आलेला होता. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या या शाहिराने गणातील देवतावंदना बदलली आणि लावणीच्या घाटात, 'माझी मैना' सारख्या रचनेत, मुंबईतील कामगाराचा विरह व संयुक्त महाराष्ट्राची मागणी आणली. शृंगाराच्या साच्यात श्रमिकाचे दुःख भरण्याचे स्वातंत्र्य त्यांनी स्वतः घेतले. अपहार आणि रूपांतर यांतील फरक तो हाच. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने निर्बंध व सुधार समिती यांच्या मार्गाने तमाशा 'स्वच्छ' करू पाहिला. १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'ने लोकनाट्य शहरी नाट्यगृहात प्रतिष्ठित केले. कलेची धुलाई झाली. कलावतीच्या जगण्याची झाली नाही.

६. कायदा काय म्हणतो :

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये शब्दांचा कर्ता व संगीताचा कर्ता यांना स्थान होते. सादरकर्त्याला हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने आणि तो अधिक बळकट झाला २०१२ च्या दुरुस्तीने. परंतु हा हक्क एका विशिष्ट सादरीकरणाला मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या बारीवर घडत आलेली अदा, ती कोणा एकीची नसल्यामुळे, कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नाही. चित्रपटाचा नृत्यदिग्दर्शक ती पाहतो, उचलतो आणि श्रेयनामावलीत स्वतःचे नाव घालतो. थॉर्नटनच्या गुरगुरण्याला जसा कायद्यात रकाना नव्हता तसा पवळेच्या अदेलाही नव्हता आणि आजही नाही.

निष्कर्ष :

१. लावणी हा संमिश्र कलाप्रकार असल्याने 'ती कोणी गावी' हा प्रश्न गौण आहे. श्रेय, मोबदला व निवड यांची वाटणी हा मुख्य प्रश्न आहे.

२. शब्द, आवाज व देह यांच्या फारकतीतून लावणी प्रतिष्ठित झाली. या प्रक्रियेत कनिष्ठ जातींतील स्त्रीचे कर्तृत्व अदृश्य झाले आणि तिचा कलंक कायम राहिला.

३. 'अदा' ही अर्थनिर्मिती आहे. तिला सादरीकरणाचा अलंकार न मानता कर्तृत्व मानल्याशिवाय लावणीची समीक्षा पूर्ण होणार नाही.

४. वंशाधारित अपहाराची पाश्चात्त्य मांडणी येथे जशीच्या तशी लागू होत नाही. तेथे गौरवर्णीय गायक तीच कला स्वतःच्या देहाने सादर करतो. येथे पार्श्वगायनामुळे देहाला हात न लावताही कला घेता आली. जातिव्यवस्थेला हे अधिक मानवणारे आहे.

समारोप :

या विवेचनाचा संबंध आपल्या दैनंदिन कामाशीही आहे. आपल्या अभ्यासक्रमांत लावणी शाहिरी वाङ्मय म्हणून येते, तेव्हा ती शाहिरांच्या नावांनी शिकविली जाते. स्नेहसंमेलनात ती चित्रपटातील ध्वनिमुद्रणावर नाचली जाते. या दोन्ही ठिकाणी बारीवरच्या कलावतीला जागा नाही. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' (२०१४) या पुस्तकाने या स्त्रियांना त्यांच्या नावांनिशी व त्यांच्या बोलण्यासह मराठी वाचकांसमोर आणले. असे लेखन वर्गात वाचले जावयास हवे. विद्यार्थिनीला लावणी नाचू नको असे सांगण्याची गरज नाही. तसे सांगणे म्हणजे जुन्याच कलंकाला दुजोरा देणे होय. ती अदा कोठून आली, ती घडविणाऱ्या स्त्रियांना काय मिळाले, आणि एखाद्या कलावतीला योग्य मानधन व सन्मान देऊन महाविद्यालयात शिकविण्यासाठी बोलावता येईल काय, एवढे तरी विचारले जावे. आपल्या परिसरात अशा कलावती आजही आहेत. पाहुण्यांच्या स्वागताला लावणी आणि लावणीवाल्या बाईला मागचे दार, ही रीत महाविद्यालयांनी प्रथम मोडली पाहिजे.